जेल स्टेनने घरातील जुन्या लाकडाला नवा रंग कसा द्यावा

जेल स्टेनविषयी एक गोष्ट आधी नीट समजून घेतली, तर पुढच्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. हा रंग लाकडात फारसा मुरत नाही. तो लाकडाच्या पृष्ठभागावर पातळ थर होऊन बसतो. नेहमीचा पातळ स्टेन वाहता असल्याने लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो आणि जिथे लाकूड जास्त शोषून घेते तिथे गडद, जिथे कमी शोषते तिथे फिका दिसतो. जेल स्टेनमध्येही रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणारे तेल किंवा रेझिन असते, पण हे मिश्रण मुद्दाम दाट केलेले असते. ढवळले किंवा फडक्याने चोळले की ते सैल होते आणि हात थांबला की पुन्हा घट्ट होते. त्यामुळे उभ्या दारावरून ते ओघळत नाही आणि छतालगतच्या पट्टीला लावताना मनगटावर ठिबकत नाही.

पाइन, बर्च, मेपल आणि चेरी या लाकडांची घनता जागोजागी बदलते. त्यांच्यावर पातळ स्टेन लावला की ढगाळ, चट्ट्यांसारखे डाग उठतात आणि ते काढायचे म्हटले, तर पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर नसते. जेल स्टेन वरच राहत असल्याने या लाकडांवरही बऱ्यापैकी एकसारखा दिसतो. त्याच कारणाने तो जुने वार्निश पूर्ण न काढता, केवळ खरवडून, त्यावरही लावता येतो, आणि घरगुती कामात त्याला जी पसंती मिळते ती मुख्यतः या एका सोयीमुळे. मात्र त्याच्या अडचणींचे मूळही इथेच आहे. वर बसणाऱ्या थराला धरायला खडबडीत आणि स्वच्छ पृष्ठभाग लागतो, थर जाड झाला तर तो दिवसेंदिवस चिकट राहतो, आणि संरक्षणाचा पारदर्शक लेप दिला नाही तर हाताच्या घर्षणाने तो झिजून जातो.

कुठे वापरावा, कुठे टाळावा

दारे, चौकटी, कपाटांची दारे, ड्रॉवरचे दर्शनी भाग, जिन्याचे कठडे, आरशाच्या चौकटी, खुर्च्या, पुस्तकांची मांडणी या सगळ्यांसाठी जेल स्टेन योग्य आहे. लाकडाचा आभास देणाऱ्या फायबरग्लासच्या दारांवरही तो वापरतात, कारण तिथे मुरण्याचा प्रश्नच नसतो आणि साच्यातून उमटलेल्या रेषांमध्ये दाट रंग छान अडकतो.

जमिनीच्या फळ्यांसाठी मी तो सुचवणार नाही. पायांखाली रंगाचा वरचा थर टिकत नाही, आणि एकदा वाटेच्या जागी झीज दिसू लागली की तेवढाच तुकडा दुरुस्त करता येत नाही. भाजी चिरण्याच्या फळ्या आणि अन्नाशी थेट संपर्क येणाऱ्या वस्तू यांनाही तो लावू नये. लॅमिनेटवर, म्हणजे लाकडाचे चित्र छापलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर, त्याची पकड भरवशाची नसते. नख ओढले तरी रंग निघून येतो. कपाट लाकडाचे आहे की लॅमिनेटचे, याची शंका असेल तर दाराची कड आणि आतली बाजू पाहावी. खऱ्या लाकडाच्या रेषा एका पृष्ठभागावरून कडेवर वळतात किंवा कडेवर वेगळ्या दिसतात, तर लॅमिनेटच्या कडेला चिकटवलेली पट्टी आणि तिचा सांधा दिसतो. बाहेरच्या दाराला लावायचा असेल तर डब्यावर तसा उल्लेख असलेलाच स्टेन घ्यावा आणि त्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे वार्निश द्यावे, नाहीतर उन्हाने रंग उडतो.

आणखी एक मर्यादा आहे आणि ती खरेदीच्या आधी लक्षात आलेली बरी. जेल स्टेनने लाकूड गडद करता येते, फिके करता येत नाही. अक्रोडी तपकिरी कपाट फिकट मधाळ रंगाचे करायचे असेल, तर जुने पॉलिश आणि रंग पूर्ण उतरवण्याला पर्याय नाही.

रंगाची निवड

दुकानातील नमुना पट्टीवर जो रंग दिसतो तो आपल्या लाकडावर तसाच उमटेल अशी अपेक्षा करू नये. खालच्या लाकडाचा किंवा जुन्या पॉलिशचा रंग वरून झिरपत असतो. जुने पाइन आणि जुने तेलकट वार्निश कालांतराने नारिंगी पडते. त्यावर लालसर छटेचा स्टेन लावला तर लाकूड अधिकच तांबूस होते, आणि पुष्कळांना नेमके तेच नको असते. अशा वेळी किंचित हिरवट किंवा राखाडी झाक असलेला तपकिरी स्टेन घ्यावा. तो नारिंगीपणा मारतो आणि शेवटी रंग शांत तपकिरी उतरतो. एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे दोन स्टेन एकमेकांत मिसळून मधली छटा तयार करता येते, फक्त पूर्ण कामाला पुरेल इतके मिश्रण एकदाच करावे, कारण तेच प्रमाण दुसऱ्यांदा साधेलच असे नाही.

चाचणी त्याच वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर घ्यावी: कपाटाच्या दाराची आतली बाजू, ड्रॉवरच्या दर्शनी फळीची खालची कड, टेबलाच्या पायाची मागची बाजू. प्रत्यक्ष काम करताना जी तयारी करणार आहात तीच तयारी चाचणीच्या जागी करावी आणि शेवटचा पारदर्शक लेपही द्यावा. वाळलेला स्टेन निस्तेज आणि थोडा फिका दिसतो, लेप चढला की तो पुन्हा खोल होतो. ही शेवटची पायरी गाळून घेतलेला निर्णय बहुधा एक छटा गडदच निघतो.

तयारी

कामाचा मोठा वाटा इथेच जातो आणि तो जायलाच हवा. प्रथम मुठी, बिजागऱ्या, कुलुपे काढून घ्यावीत आणि कोणत्या दाराच्या कोणत्या हे कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. दारे काढून आडवी ठेवता आली तर काम सोपे होते, पण जेल स्टेनच्या बाबतीत ते आवश्यक नाही.

त्यानंतर जुना लेप कोणता आहे ते पाहावे. अदृश्य जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून मिनिटभर थांबावे. पृष्ठभाग चिकट होऊन रंग बोळ्यावर आला तर ते लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही आणि लॅकर थिनरने मऊ पडले तर लॅकर आहे. दोन्हींना दाद न देणारा लेप बहुतेक वेळा पॉलियुरेथेन किंवा तत्सम कठीण वार्निश असतो. लाखेवर आणि वार्निशवर तेलाधारित जेल स्टेन बसू शकतो, पण लेप जागोजागी सोलपटत असेल, त्याला खवले सुटले असतील किंवा पाण्याने पांढरा पडून फुगला असेल, तर त्यावर नवा थर देणे व्यर्थ आहे. खालचा थर सुटला की वरचाही त्याच्याबरोबर सुटेल. असे पॉलिश आधी उतरवलेच पाहिजे.

मग धुणे. स्वयंपाकघरातील कपाटांच्या मुठींभोवती आणि जिन्याच्या कठड्यावर घाम, तेल आणि धूळ यांचा जो काळपट थर साचतो तो पॉलिश पेपरने निघत नाही. उलट कागदाच्या दाबाने ते तेल ओरखड्यांत घुसते. म्हणून घासण्याच्या आधी तेलकटपणा काढणाऱ्या साबणाच्या पाण्याने, जाळीच्या मऊ घासणीने, तीन-चार वेळा पाणी बदलून पुसावे. पाणी लाकडावर ओतू नये, पिळलेल्या फडक्यानेच काम करावे. शेवटी स्वच्छ पाण्याने साबण काढून लाकूड पूर्ण वाळू द्यावे. वर्षानुवर्षे फर्निचरवर फवारलेल्या चकाकी-द्रव्यांत सिलिकॉन असण्याची शक्यता असते आणि ते राहिले तर पुढचा पारदर्शक लेप जागोजागी गोल खळगे पाडून मागे सरतो. मेण आणि अशी द्रव्ये मिनरल टर्पेंटाइनने भिजवलेल्या फडक्याने पुसावीत, फडके वारंवार बदलावे, आणि फडक्यावर पिवळट डाग येणे थांबेपर्यंत थांबू नये. सागासारख्या जात्याच तेलकट लाकडाचा पृष्ठभाग उघडा असेल तर स्टेनच्या थोडे आधी थिनरने पुसून घ्यावा.

आता घासणे. इथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. जुने पॉलिश ठेवून त्यावर स्टेन द्यायचा असेल, तर 180 किंवा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने केवळ चकाकी मारायची असते, लाकूड उघडे करायचे नसते. खिडकीच्या दिशेने तोंड करून, डोळा पृष्ठभागाच्या पातळीवर आणून तिरके पाहिले की राहिलेल्या चकचकीत जागा लगेच दिसतात. तिथे स्टेन धरणार नाही. कडांवर हात हलका ठेवावा. तिथे पॉलिश सर्वात पातळ असते, दोन जादा फटक्यांत लाकूड उघडे पडते आणि मग कडेची ती रेघ बाकीपेक्षा गडद उतरते.

लाकूड पूर्ण उघडे करून रंगवायचे असेल, तर 100 किंवा 120 नंबरपासून सुरुवात करून 150 आणि मग 180 पर्यंत जावे, नेहमी रेषांच्या दिशेने. आडवे पडलेले ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पण रंग त्यांत साचला की ते पेन्सिलीने ओढल्यासारखे उठून दिसतात. 320 नंबरपर्यंत घासून लाकूड आरशासारखे गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा, कारण मग रंगद्रव्याला अडकायला जागाच उरत नाही आणि पुसताना सगळा रंग फडक्यावर येतो. अपवाद फळीच्या टोकांचा, जिथे तंतू आडवे कापलेले असतात. ती टोके जास्त शोषतात, म्हणून तेवढी एक नंबर पुढे, 220 पर्यंत घासून घ्यावीत.

विनिअर, म्हणजे प्लायवुडवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर घासण्याच्या यंत्राला हातही लावू नये. आजकालच्या विनिअरची जाडी बहुतेकदा एक मिलिमीटरहूनही कमी असते आणि खालचे प्लायवुड उघडे पडले की कोणताही स्टेन ते लपवू शकत नाही. जुन्या दुरुस्तीत सांडलेला सरस किंवा लाकडाचा गोंद याही जागा शोधाव्यात. वाळलेल्या गोंदावर रंग चढत नाही आणि पांढरट ठिपका तसाच राहतो. उघडे लाकूड टर्पेंटाइनने ओले करून पाहिले की असे ठिपके आणि विसरलेले ओरखडे दोन्ही लक्षात येतात. भोके बुजवण्यासाठी वापरलेली पुट्टी लाकडासारखा रंग घेत नाही, ती वेगळी दिसतेच. सुदैवाने जेल दाट असल्याने बारीक ब्रशच्या टोकाने पुट्टीवर एक-दोन रेषा ओढून शेजारच्या रेषांशी जुळवता येतात; हे काम पहिला हात वाळल्यावर करावे.

फार जुन्या घरांतील रंगकामाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. पूर्वी रंगांत शिसे वापरले जात असे आणि असा थर घासल्याने उडणारी धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. खाली जुना रंग असल्याची शंका असेल तर तपासणी करून घेतल्याशिवाय कोरडे घासू नये. एरवीही नाका-तोंडावर धुळीचा मास्क असावा. शेवटी ब्रशने आणि व्हॅक्यूमने धूळ काढून, टर्पेंटाइनने किंचित ओलावलेल्या फडक्याने पृष्ठभाग पुसावा आणि वाळू द्यावा.

चिंध्यांचा धोका

डबा उघडण्याआधी वापरलेल्या चिंध्यांची सोय करून ठेवावी. तेलाधारित स्टेन हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वाळतो आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. पसरलेल्या फडक्यातून ती सहज निघून जाते, परंतु बोळा करून बादलीत टाकलेल्या किंवा पिशवीत कोंबलेल्या फडक्यात ती साठत जाते आणि काही तासांत, कोणतीही ठिणगी नसताना, ते पेट घेऊ शकते. म्हणून प्रत्येक फडके घराबाहेर, एकमेकांपासून वेगळे, सपाट किंवा दोरीवर पसरून वाळवावे आणि पूर्ण कडक झाल्यावरच टाकावे. किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावे. खोलीत वारा खेळता असावा आणि जवळपास गॅसची ज्योत किंवा पेटता दिवा नसावा. धुळीचा साधा मास्क द्रावकाच्या वाफेपासून संरक्षण देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पाण्यावर आधारित जेल स्टेनही मिळतात. त्यांना वास कमी असतो आणि ते काही तासांत वाळतात. मात्र ते पुसण्यासाठी मिळणारा अवधीही तितकाच कमी असतो, त्यामुळे मोठ्या पृष्ठभागावर नवख्या हाताला तेलाधारित प्रकार सोपा जातो असे मला वाटते.

प्रत्यक्ष लावणे

डबा हलवू नये, ढवळावा. रंगद्रव्य तळाशी बसलेले असते, म्हणून चपट्या काठीने तळ खरवडत रंग एकजीव होईपर्यंत ढवळावे आणि काम चालू असताना मधूनमधून पुन्हा ढवळावे. लागेल तेवढा स्टेन वाटीत काढून घ्यावा आणि डबा झाकून ठेवावा, कारण उघड्या डब्यात वर साय धरते.

हातमोजे घालून, जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने किंवा फोमच्या ब्रशने काम करावे. फडक्यावर थोडा स्टेन घेऊन प्रथम गोल गोल चोळत पृष्ठभागावर पसरवावा, म्हणजे तो रेषांच्या खोबणीत बसतो, आणि मग दुसऱ्या स्वच्छ फडक्याने रेषांच्या दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता पुसून घ्यावा. लावणे आणि पुसणे यांत दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. एका वेळी एवढाच भाग घ्यावा की तो त्या अवधीत पुसून होईल, आणि थांबायचे असेल तर फळीच्या मध्यावर थांबू नये, सांध्यावर किंवा कडेवर थांबावे. नाहीतर वाळू लागलेल्या कडेवर ओला रंग चढून जोडाची गडद पट्टी कायमची दिसते.

पॅनेलच्या दारावर हा क्रम विशेष महत्त्वाचा ठरतो. सुरुवात पॅनेलभोवतीच्या नक्षीदार खाचेपासून करावी. खाचेत लहान ब्रशने स्टेन घालावा, फडक्याने पुसावा आणि नंतर कोरड्या, राठ केसांच्या ब्रशने चारही कोपऱ्यांतून साचलेला रंग बाहेर ओढावा. दर दोन-तीन ओढींनंतर ब्रश फडक्यावर पुसावा. कोपरे पहिल्या दृष्टीत स्वच्छ भासतात, परंतु दहा मिनिटांनी पाहिले तर तिथे काळी, लुसलुशीत रेघ पुन्हा जमलेली असते. ती राहिली तर दोन दिवसांनीही बोटाला लागते. म्हणून पुढच्या भागाकडे गेल्यावर एकदा मागे वळून कोपरे पाहण्याची सवय ठेवावी. खाचेनंतर पॅनेलचा सपाट भाग, मग आडवे पट्टे आणि सर्वात शेवटी उभे पट्टे घ्यावेत. आडवा पट्टा जिथे उभ्याला भिडतो तिथे तंतूंची दिशा बदलते. आडव्या पट्ट्याचे पुसणे उभ्या पट्ट्यावर थोडे गेले तरी चालते, कारण उभा पट्टा नंतर वरपासून खालपर्यंत एका ओढीत पुसला की ते आडवे फराटे निघून जातात आणि सांध्याची रेघ स्वच्छ उमटते.

किती पुसायचे हा अंदाजाचा भाग आहे. उघड्या लाकडावर जास्तीचा सगळा रंग पुसून काढावा. जे लाकडाने धरले तेच खरे. जुन्या पॉलिशवर मात्र जोर देऊन पुसले तर काहीच उरत नाही, म्हणून तिथे फडका केवळ फिरवावा आणि खालच्या रेषा स्पष्ट दिसतील इतका पारदर्शक, अगदी पातळ थर मागे ठेवावा. पहिल्या हातानंतर दार कळाहीन आणि डागाळलेले दिसते. ते पाहून पुष्कळ जण घाबरतात आणि तिथल्या तिथे आणखी रंग थापतात. तसे करू नये. जुन्या पॉलिशवर पातळ दोन किंवा तीन हात दिल्यावरच रंग एकसारखा होतो, आणि प्रत्येक हातागणिक तो थोडा अधिक गडद होतो.

वाळणे आणि अडचणी

तेलाधारित जेल स्टेनच्या दोन हातांमध्ये निदान 24 तास जाऊ द्यावेत. हवा दमट असेल, खोली थंड असेल किंवा खाली जुने पॉलिश असेल तर 48 ते 72 तासही लागतात. जुन्या पॉलिशवर द्रावक खाली मुरत नाही, त्याला फक्त वरूनच उडून जावे लागते, आणि त्यामुळे हा वेळ वाढतो. पांढऱ्या फडक्याने हलके चोळल्यावर रंग येऊ नये, बोटाला थंड किंवा चिकट लागू नये आणि नाक जवळ नेल्यास तीव्र वास येऊ नये, या तिन्ही खुणा जुळल्या की पुढचा हात द्यावा. दोन हातांच्या मध्ये पॉलिश पेपर लावू नये; तो रंगच काढून टाकतो. धुळीचा कण बसला असेल तर खरखरीत कापडाने हलके चोळणे पुरेसे आहे.

दोन-तीन दिवसांनीही पृष्ठभाग चिकट राहिला तर थर जाड झाला आहे किंवा खाली मेण, तेल राहिले आहे, असे समजावे. वरून पॉलियुरेथेन देऊन चिकटपणा झाकण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. लेप खालच्या मऊ थरावर तडकतो किंवा सोलपटतो. टर्पेंटाइनने ओल्या फडक्याने सगळा मऊ रंग पुसून काढावा, एक दिवस वाळू द्यावे आणि पुन्हा पातळ हाताने सुरुवात करावी. एखाद्याच जागी पट्टी उमटली असेल तर त्या भागावर ताजा स्टेन चोळावा. तो जुना थर थोडा सैल करतो आणि लगेच पूर्ण लांबीवर पुसल्यास पट्टी बरीचशी विरते. रंग जास्तच गडद झाला असेल आणि तो अजून ताजा असेल, तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून फिका करता येतो. पूर्ण वाळल्यावर ही संधी जाते.

वरचा लेप

स्टेन हा रंग आहे, संरक्षण नव्हे. हात, पाणी आणि झीज सोसायची ती वरच्या पारदर्शक लेपाने. तेलाधारित पॉलियुरेथेन कणखर असते, पण रंगाला पिवळसर, उबदार झाक देते आणि ती वर्षांगणिक वाढते. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन निर्मळ राहते आणि लवकर वाळते. करडा किंवा थंड तपकिरी रंग जसाच्या तसा ठेवायचा असेल तर तेच घ्यावे. तेलाधारित स्टेनवर पाण्याचा लेप द्यायचा असल्यास मात्र किमान तीन दिवस थांबावे, कारण खालचे तेल ओले असेल तर पाण्याचा लेप त्यावर धरत नाही.

पहिला लेप जपून द्यावा. ब्रश त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवला तर त्यातील द्रावक स्टेन ओढून काढते आणि फिके पट्टे पडतात. फडक्याने पुसून लावायचे पातळ पॉलियुरेथेन मिळते, ते नवख्यासाठी उत्तम. थर पातळ बसतात आणि ब्रशच्या खुणा राहत नाहीत, फक्त हात जास्त द्यावे लागतात. सर्वसाधारण कपाटाला ब्रशचे दोन आणि कठड्याला किंवा टेबलाला तीन हात पुरेसे होतात. पहिल्या लेपानंतर पॉलिश पेपर वापरू नये, विशेषतः कडांवर, कारण मधे केवळ एक पातळ थर असतो आणि कागद थेट रंगापर्यंत पोहोचतो. तीन हात द्यायचे असतील तर दुसऱ्या लेपानंतर 320 नंबरने हलकेच धुळीचे कण काढून शेवटचा हात द्यावा. मंद चकाकीच्या लेपाचा डबाही हलवू नये, ढवळावा. हलवल्याने बुडबुडे येतात, आणि न ढवळल्यास चकाकी कमी करणारी पूड तळाशीच राहते. अतिचकचकीत लेप पृष्ठभागाचा प्रत्येक दोष दाखवतो. जुन्या फर्निचरवर मंद चकाकीच शोभते.

लेप एका दिवसात हाताला कोरडा लागतो, पण त्याला पूर्ण कठीण व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत कपाटाची दारे आपटू नयेत, टेबलावर जड वस्तू किंवा रबरी पायांची भांडी ठेवू नयेत, प्लास्टिकचे आच्छादन घालू नये आणि कोणत्याही साबणाने धुऊ नये. दार चौकटीला चिकटण्याची भीती असेल तर आतल्या कडेला छोटे फेल्टचे ठिपके लावावेत. त्यानंतरची निगा साधी आहे: ओल्या, घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने पुसणे आणि सिलिकॉनयुक्त चकाकीचे फवारे टाळणे.

उरलेला स्टेन फेकू नये. डब्याची कड पुसून, रंगाच्या पृष्ठभागावरच प्लास्टिकचा पातळ कागद दाबून ठेवावा आणि मग झाकण बसवावे. आतली हवा कमी झाल्याने साय उशिरा धरते. झाकणावर कोणत्या वस्तूला, किती हात आणि वरून कोणता लेप दिला ते लिहून ठेवावे. पुढे कधी मुठीजवळ ओरखडा पडला, तर कापसाच्या काडीने तेवढ्याच रेघेत थोडा स्टेन भरून भोवतालचा लगेच पुसावा, दोन-तीन दिवस वाळू द्यावे आणि त्यावर बारीक ब्रशने आधीच्याच पॉलियुरेथेनचा एक थेंब फिरवावा.